ट्रॉपिकल क्वीन, मुक्काम मुळशी

माझ्या अंगावर आजवर सहा वेळा रंग चढला आणि तीन वेळा माझे नाव बदलले. पण रंग खरवडून पाहिलात तर आत सापडेल ती साधीच वस्तू. मी एक जुनी लाकडी लाँच आहे, मित्रांनो. तुम्ही मला बोट म्हणालात तरी मी ओ देते, क्रूझ म्हणालात तरी देते. माझी गोष्ट मात्र जरा दांडगी आहे. तिच्यात मारहाण आहे, रक्त आहे, कोयता आहे. कुणाला कानांवर हात ठेवायचे असतील तर ठेवा, पण मध्येच उठून जाऊ नका.

माझी सुरुवातच घावांनी झाली. म्हसळ्याकडच्या खाडीवर नथू सुतार म्हणून एक कारागीर होता. त्याने सागाची झाडे कुऱ्हाडीने पाडली, ओंडके करवतीखाली घातले आणि फळ्या वाकाव्यात म्हणून त्यांच्याखाली जाळ केला. फळी फळीला जोडताना त्याने हातभर लांबीचे खिळे ठोकले. मग प्रत्येक फटीत कापसाच्या वाती छिन्नीने ठासून भरल्या आणि वरून राळ व तेलाचा उकळता लेप दिला. मी करकरले की तो माझ्या कुशीवर थाप मारून म्हणायचा, "सोस गो बाय. आज सोसलंस तर उद्या पाणी तुला शिवणार नाय."

मी सोसले. आणि खरोखरच पंचवीस वर्षे पाण्याला आत येऊ दिले नाही.

त्या खाडीवर मी तरीचे काम केले. या तीरावरून त्या तीरावर बाजारकरी, शाळेची मुले, बकऱ्या, नवऱ्या मुली, आजारी म्हातारी माणसे नेली. लोक उतरताना माझ्या नाळेला हात लावून नमस्कार करीत. नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक. भांडणेही पाहिली. एका शिमग्याला दोन गावांची माणसे माझ्याच पाठीवर काठ्यांनी एकमेकांवर तुटून पडली आणि माझे अर्धे कठडे मोडले. मग खाडीवर पूल झाला. ज्या लोकांनी मला नमस्कार केला होता, ते पुलावरून फटफटीवर जाताना खाली पाहीनासे झाले. दोन हजार वीसच्या जूनमध्ये चक्रीवादळ आले तेव्हा मी किनाऱ्यावर आडवी पडून होते. एक माड मुळासकट उपटून माझ्या टपावर आदळला. तो कुणी उचललासुद्धा नाही. वर्षभर तो तसाच माझ्या अंगावर कुजत राहिला.

पुढच्या वर्षी मला एका लांबलचक ट्रेलरवर चढवले. माणगाव सोडले, आणि ताम्हिणी घाटात मी आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढले. वळणावळणावर माझी कूस कातळाला घासत होती. वर पोहोचले तेव्हा समोर पाणी दिसले. वाटले, आले परत खाडीवर. जीभ लावून पाहिली तर पाणी गोडे. ते मुळशीचे तळे होते.

तळ्याकाठच्या एका रिसॉर्टने मला विकत घेतले होते. तिथला मॅनेजर शेखर, पुण्याचा तरुण माणूस, वाईट नव्हता. पण त्याला सगळ्या गोष्टी फोटोत कशा दिसतात तेवढेच कळे. त्याने मला पांढरा रंग दिला, टपावर प्लास्टिकची दोन माडाची झाडे उभी केली, झुला बांधला आणि कुशीवर इंग्रजी अक्षरांत नाव लिहिले : ट्रॉपिकल क्वीन. जाहिरात अशी होती की, समुद्रापारच्या बेटांवर जायला नको, उष्ण कटिबंधातल्या क्रूझचा निवांत दिवस आता मुळशीत. ज्या बोटीवर खऱ्या माडाचा घाव होता, तिच्या डोक्यावर आता खोटे माड डुलू लागले.

मला चालवायला धाकलू आला. धाकलू तळ्याच्या वरच्या वाडीतला. पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. त्याचे वाडवडील या तळ्यात जाळी टाकत आले. त्याची बायको बाळाबाई बोटीवर पाहुण्यांचे जेवण करी आणि धाकलूच्या वाटचेही बोलून टाकी.

तुम्हाला ठाऊक असेल, मुळशीचे धरण झाले तेव्हा कितीतरी गावे पाण्याखाली गेली. ती अजून खाली आहेत. घरांच्या भिंती, जाती, विहिरी, देवळांचे चौथरे. पावसाळ्यात त्यांच्यावर इतके पाणी असते की माझ्यासारख्या बोटीला त्यांचा पत्ताही लागत नाही. पण शिमगा सरला, पाणी उतरू लागले की ते दगड वर येऊ लागतात. वर दिसत नाहीत आणि खोलही नसतात, तेव्हा ते सगळ्यांत वाईट. म्हणून धाकलूच्या लोकांची एक रीत आहे. दरवर्षी पाणी उतरताना ते लहान होडीतून, डोंगीतून, जातात आणि बुडालेल्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक चौथऱ्यावर एक उंच बांबू रोवून त्याला लुगड्याची चिंधी बांधतात. चिंधी दिसली की तिथून लांब राहायचे. कुणी कुणाला सांगावे लागत नाही.

ज्या दिवसाची मी गोष्ट सांगते आहे त्याच्या आदल्या दिवशी शेखरने दोन माणसे पाठवून ते सगळे बांबू काढायला लावले.

"ड्रोनच्या शॉटमध्ये त्या चिंध्या फार घाण दिसतात रे," तो धाकलूला म्हणाला. "आणि तुला तर सगळं पाठच आहे."

"मला पाठ हाय," धाकलू म्हणाला. "दुसऱ्याला न्हाई."

"दुसरा कोण चालवणार आहे?"

धाकलूने दुसरी गोष्टही काढली. माझ्या तळाची एक फळी, इंजिनाच्या पुढची, दोन वर्षांपासून नरम पडली होती. अंगठा दाबला तर नखाची खूण उठे. ती बदलायला हवी, हे तो प्रत्येक हंगामाआधी सांगे. शेखरने त्या वर्षीही रंगाचा डबा पाठवला. रंग वरून लागतो, मित्रांनो. फळी आतून कुजते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी दहाला अठरा पाहुणे आले. पिरंगुटचे कैलास शेठ, जमिनींचे व्यवहार करणारे, त्यांचा चाळिसावा वाढदिवस होता. बरोबर मित्र, चुलतभाऊ, बायका आणि चार मुले. कैलासची बायको रेश्मा आणि नऊ वर्षांची मुलगी अपूर्वा सगळ्यांत शेवटी चढल्या, कारण अपूर्वाला माझ्या कुशीवरचे नाव एकेक अक्षर लावून वाचायचे होते.

तो दिवस दुपारपर्यंत जाहिरातीसारखाच गेला, हे मला कबूल केले पाहिजे. पाणी निळे होते. धाकलूने मला संथ चालवले. कुणी झुल्यात पडले, कुणी पाय पाण्यात सोडून कलिंगड खाल्ले. पेल्यांत कागदाच्या छत्र्या खोचलेली सरबते फिरली. गळ्यांत प्लास्टिकच्या फुलांच्या माळा होत्या. धाकलूने सगळ्यांना केशरी जॅकेटे घालायला लावली होती. फोटो निघाले तसे ती उतरली आणि उशाखाली गेली.

"ताई, पोरांच्या अंगातली तरी ऱ्हाऊ द्या," बाळाबाई रेश्माला म्हणाली.

"उकडतंय ना हो त्यांना."

"उकडलं तर घाम येतोय. दुसरं काय व्हत न्हाई."

रेश्मा हसली आणि चारही मुलांची जॅकेटे तिने परत बांधली. बाळाबाईने तळलेले मासे आणि तांदळाची भाकरी वाढली. पुरुष मंडळींनी खोक्यातून बाटल्या काढल्या. जेवणे झाली, गाणी लागली, काही जण घोरू लागले.

तीनच्या सुमारास वारा थांबला. अगदी थांबला. माझ्या टपावरची प्लास्टिकची पानेसुद्धा हलेनात. पाणी तेलासारखे जड झाले. मला ते ओळखीचे होते; खाडीवर असे पाणी झाले की नथू बोटी ओढून वर घेत असे. झाडांवरचे पाणकावळे उठून आतल्या खोऱ्यात निघाले. बाळाबाईने भांडी घासता घासता मान वर केली.

"बघितलंस काय?"

"बघितलं," धाकलू म्हणाला आणि त्याने मला वळवले.

कैलास झुल्यात होता. त्याला ऊन एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेलेले कळले.

"ओ नाखवा, कुठं निघाला?"

"माघारी. वारं येतंय."

"वारं?" कैलास उठून बसला. "पान हलंना, आणि वारं येतंय?"

"म्हणूनच येतंय."

मित्रमंडळी हसली. कैलासही हसला, पण उठून सुकाणूच्या चाकापाशी आला. "हे बघा, पाच वाजेपर्यंत बोट आमची आहे. केक त्या पलीकडच्या वाळूवर कापायचाय. तिकडं घ्या."

"केक रिसॉर्टावर कापा, शेठ. पोरं हायेत संगं."

"पोरं माझी हायेत, तुमची न्हाई."

कैलासने शेखरला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून शेखर म्हणाला, "धाकलू, इथे मस्त ऊन आहे. गेस्ट म्हणतील तसं कर ना बाबा." धाकलूने ऐकून घेतले. पण त्याने मला वळवले नाही. मी किनाऱ्याकडे चालत राहिले. पूर्वेला, पौडच्या अंगाला, डोंगराच्या मागून शिशासारखा ढग वर येत होता, पण पाहुण्यांची पाठ तिकडे होती.

कैलासच्या एका मित्राने धाकलूचा हात चाकावरून ओढला. धाकलूने तो परत ठेवला. पुन्हा ओढला, पुन्हा ठेवला. तेव्हा कैलासने त्याच्या कानशिलात मारली.

आवाज असा झाला की गाणे ऐकू येईनासे झाले. धाकलू हलला नाही. चाक त्याच्या मुठीत होते. मग दोघांनी त्याला मागून धरले, तिसऱ्याने पोटात गुडघा घातला, आणि कैलासने छातीवर असा धक्का दिला की तो मागे जाऊन इंजिनाच्या लोखंडी झाकणावर डोक्याने आपटला. माझ्या फळ्यांवर त्याचे रक्त पडले. उन्हाने फळ्या तापल्या होत्या. रक्त लगेच काळे झाले.

बाळाबाई झारा घेऊन धावली. तिने पहिल्याच्या पाठीत आणि दुसऱ्याच्या मनगटावर असा झारा हाणला की त्याच्या हातातली बाटली फुटली. "माझ्या माणसाला मारता? त्यानं काय तुमचं घर जाळलं?" तिलाही ढकलून दिले. मुले रडू लागली. रेश्मा ओरडली, "कैलास, पुरे झालं." पण कैलासच्या हातात आता माझे चाक होते, आणि चाक हातात आले की काही माणसांना ऐकू येत नाही.

"मी एवढी मोठी गाडी घाटातून चालवतो," तो मित्रांना म्हणाला. "ह्या डबड्याचं काय."

त्याने मला पश्चिमेला वळवले आणि इंजिनाचा दांडा शेवटपर्यंत पुढे रेटला. मला एवढ्या वेगाची सवय उरली नव्हती. खिळेन् खिळा थरथरू लागला. धाकलू झाकणाला धरून उठला. कपाळावरचे रक्त डोळ्यांत उतरत होते. ते पुसून त्याने समोर पाहिले, मग दोन्ही बाजूंचे डोंगर पाहिले. आपण कुठे आहोत हे त्याला डोंगरांवरून कळते.

"डावीकडं घ्या," तो ओरडला. "फुडं देवळाचा चौथरा हाय."

"कुठाय? नुसतं पाणी आहे."

"पान्याखाली हाय. डावीकडं घ्या म्हणतोय."

कैलासने पाहिले. बांबू नव्हता, चिंधी नव्हती, निळे पाणी होते. तरी धाकलूच्या आवाजात असे काही होते की त्याचा पाय आपोआप खाली गेला आणि माझी फळी दाबू लागला. पुन्हा पुन्हा. मला आधी कळेना हा काय करतो आहे. तो ब्रेक शोधत होता. मित्रांनो, बोटीला ब्रेक नसतो. बोट थांबायची तर ती थांबवायचा विचार फार आधी करावा लागतो.

मी चौथऱ्यावर चढले. माझ्या कण्याखाली दगड फरफटत गेले, मागचा पंखा तुटून उडाला, सुकाणू मोडले, इंजिन किंचाळून बंद पडले. माणसे एकमेकांवर कोसळली. एक चुलतभाऊ कठड्यावरून पाण्यात गेला. दोघांनी त्याचे केस आणि शर्ट धरून त्याला ओढून घेतले. मी पुढच्या अर्ध्या अंगाने चौथऱ्यावर आणि मागच्या अर्ध्या अंगाने पाण्यावर, अशी अडकले.

आणि मग वारा आला.

तो आला तेव्हा तळ्याचे पाणी पांढरे झाले. पहिल्या झटक्यात दोन्ही माड उडाले, दुसऱ्यात टपाचा पत्रा सुटला आणि कागदासारखा वर गेला. उशाखालची केशरी जॅकेटे पक्ष्यांसारखी पाण्यावरून पळाली. वरून गारा पडू लागल्या. सुपारीएवढ्या गारा, उघड्या डोक्यांवर, पाठींवर. लाटा माझ्या कुशीवर घणासारख्या आदळत होत्या. बाळाबाईने चारही मुलांना मधल्या खांबाला टेकवून बसवले, आपले लुगडे सोडून त्यांच्याभोवती तीन वेढे दिले आणि स्वतः परकरावर त्यांच्या अंगावर पालथी झाली. गारा तिच्या पाठीवर पडत राहिल्या.

आता नीट ऐका, म्हणजे पुढे काय झाले ते कळेल. माझे पुढचे अंग दगडावर होते, म्हणून आम्ही उभे होतो. पण प्रत्येक लाट माझे मागचे अंग उचलत होती आणि मला वीतभर मागे सरकवत होती. चौथऱ्याच्या मागे जुन्या नदीचे पात्र होते. तिथे साठ हात पाणी. सुकाणू नाही, इंजिन नाही, अशी मी त्या लाटांत आडवी झाले असते तर उलटायला मला एक लाट पुरली असती. वीस माणसे. त्यांतल्या चौघांच्या अंगात जॅकेट.

धाकलूने वाकून कठड्यावरून पाहिले. एक लाट गेली. मी सरकले. दुसरी गेली. मी आणखी सरकले. त्याने कमरेच्या आकड्यातून कोयता काढला आणि इंजिनाच्या पुढची डेकची सुटी पाटी उचलून तो माझ्या पोटात उतरला.

मला कळले. त्याने आधी त्या नरम फळीवर हात ठेवला. दररोज सकाळी पाणी झिरपले का हे पाहायला तो तसाच हात ठेवी. मग त्याने कोयता उगारला आणि घातला.

बत्तीस वर्षांत मी अनेक घाव खाल्ले, पण आपल्या माणसाचा घाव पहिल्यांदाच. पहिला घाव फळीत रुतला. दुसऱ्याने चिरफळी उडाली. वर कुणीतरी किंचाळले, "अरे, हा बोट फोडतोय." कैलासने खाली उडी टाकली आणि मागून धाकलूचा गळा आवळला.

"येडा झालास का? बुडवतोस आम्हाला?"

धाकलूला बोलता येईना. कोयता त्याच्या हातातून सुटला. दोघे माझ्या पोटातल्या घाण पाण्यात लोळले. कैलास त्याचे डोके फळीवर आपटू लागला. तिसरी लाट आली आणि मी हातभर सरकले. माझ्या नाळेखालचा दगड सुटत चालला होता.

रेश्मा फळीला धरून खाली उतरली होती. धाकलूने कशीबशी मान वळवली. "ताई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पानी भरलं तर जड व्हईल. जड झाली तर हितंच बसंल. चौथऱ्यावर. न्हाईतर मागं नदी हाय."

रेश्माने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा मागे पांढऱ्या पाण्याकडे. मग तिने पडलेला कोयता उचलला आणि त्याची मूठ नवऱ्याच्या खांद्यात मारली. पूर्ण ताकदीने.

"सोड त्याला. नाहीतर दुसऱ्या बाजूनं मारीन."

कैलासने सोडले. तो तिथेच बसून राहिला, तोंड उघडे, आणि पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आले. रेश्माने कोयता धाकलूच्या हातात दिला. धाकलूने घाव घातले. सात घातले; मी मोजले. आठव्याला फळी आरपार फुटली आणि तळे माझ्यात घुसले. मी ज्याला आयुष्यभर बाहेर ठेवले होते, ते पाणी. मला बुडायची भीती वाटत नव्हती असे मी म्हणणार नाही. प्रत्येक बोटीला वाटते.

पण मी बुडले नाही. मी बसले. इंजिन, तळात भारासाठी ठेवलेले दगड आणि सगळे ते पाणी यांच्या वजनाने मी हळूहळू चौथऱ्यावर टेकले. पुढची लाट आली आणि मला उचलू शकली नाही. तिच्या पुढचीही आली. ती माझ्या कुशीवर फुटून दोन्हीकडून निघून गेली. माझ्या डेकवर घोटाभर पाणी होते आणि त्यात वीस माणसे एकमेकांना घट्ट धरून बसली होती. पाऊण तास ती तशीच बसली. अपूर्वाने बाळाबाईला विचारले, "आजी, तुम्हाला लागतंय का?" बाळाबाई म्हणाली, "लागतंय की. तू मान खाली घाल."

वारा पडल्यावर वाडीवरची माणसे डोंग्या घेऊन आली आणि त्यांनी सगळ्यांना, आधी मुलांना, किनाऱ्यावर नेले.

पाचव्या दिवशी पाणी आणखी उतरले आणि मी चौथऱ्यावर उघडी पडले. पंचनामा करायला एक हवालदार आले. गाळातून चालून त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भरली होती. त्यांच्याबरोबर शेखर होता, गळ्यात हात बांधलेला कैलास होता, रेश्मा होती आणि डोक्याला पट्टी बांधलेला धाकलू होता. शेखर म्हणाला, रिसॉर्टची बोट जाणूनबुजून फोडली आहे, तक्रार तशीच लिहा. हवालदार माझ्या पोटात डोकावले. कोयत्याचे घाव स्पष्ट होते.

"बोट कुणी फोडली?"

"म्या फोडली," धाकलू म्हणाला.

"का?"

"बुडू न्हाई म्हणून."

हवालदारांनी लिहायचे थांबवले. त्यांनी चौथऱ्याच्या मागे पाहिले. नदीचे पात्र अजूनही तिथे काळे, खोल भरलेले होते. चार पावलांवर. ते त्या टोकापर्यंत गेले, खाली पाहिले आणि परत आले.

"आधीपासून लिहा," रेश्मा म्हणाली. "बांबू कुणी काढले तिथपासून. माझ्या नवऱ्यानं ह्यांना मारलं, तेही लिहा. सही मी करते."

सगळ्यांनी कैलासकडे पाहिले. त्याला पुष्कळ बोलता येते, जमिनी विकणाऱ्याला बोलता यावेच लागते. पण तो गाळात बुडालेल्या आपल्या बुटांकडे पाहत राहिला आणि शेवटी एवढेच म्हणाला, "ती सांगते तसंच आहे." मग तो धाकलूसमोर हात जोडायला गेला. एकच हात वर येत होता. धाकलूने तो हात खाली केला. माफ केले असे मात्र तो म्हणाला नाही. मित्रांनो, माफी मागितली की लगेच मिळालीच पाहिजे असे नसते.

मला कुणी दुरुस्त करणार नाही, हे मला ठाऊक आहे. इंजिन काढून नेले. पाऊस लागला की तळे भरेल आणि मी खाली जाईन, त्या गावातल्या भिंतींच्या शेजारी. मला त्याचे दुःख नाही. तुम्हाला एक मात्र सांगून जाते. तुम्ही कधी बोटीत बसाल, एसटीत बसाल, कुणाच्या भरवशावर कुठे चालला असाल. तो माणूस साधा असेल, त्याची भाषा तुमच्यासारखी नसेल, तुमचे वडील त्याला अरेतुरे करत असतील. तो जर म्हणाला, आता माघारी वळू या, तर त्याला वळू द्या. मोठी माणसे ऐकत नसतील तर तुम्ही मोठ्याने सांगा. आणि एखादी फळी कुजली आहे असे तो म्हणाला तर ती बदला. रंग देऊ नका.

त्या दिवशी धाकलूचे कुणी ऐकले असते तर त्याला मला मारावे लागले नसते. त्याने मला मारले आणि वीस माणसे जिवंत घरी गेली. जाताना तो सगळ्यांच्या मागे थांबला. फुटलेल्या फळीच्या कडेवर त्याने हात ठेवला, एक चिरफळी अलगद मोडून काढली, कुणाला टोचू नये म्हणून, आणि मग तो गेला.